गिरजाक्काच्या गोष्टीतली बाई

कुणी खुनाची गोष्ट रंगवून सांगायला लागलं की मी उठून आत जाते. घरातल्यांना वाटतं, म्हातारी भित्री आहे. परवा नातसून पेपरातला मजकूर मोठ्यानं वाचत होती, कुठल्याशा गावी कुणा बाईला कसं मारलं त्याचा, आणि वाचता वाचता चहात बटर बुडवून खात होती. मी विचारलं, मेलेलीचं नाव काय गं? तिनं पेपर खालीवर पाहिला. मारणाऱ्याचं नाव तिला पाठ झालं होतं, त्याच्या मोटारीचा रंगसुद्धा. बाईचं नाव म्हणे मागच्या पानावर असेल. माझं टाळकंच सरकलं, नको ते बोलून गेले. पोर गोंधळली. तिला काय ठाऊक, हा प्रश्न माझा नाहीच. तो गिरजाक्काचा आहे.

पूर्णेला आम्ही राहत होतो तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचे हे मालधक्क्यावर कारकून. रेल्वेच्या क्वार्टरांत आमच्या भिंतीला भिंत लावून गिरजाक्काचं घर. तिचे मालक रामजीभाऊ सांधेवाले. रूळ बदलण्याचं काम आयुष्यभर केलं आणि घरात कधी शब्द बदलला नाही इतका गरीब माणूस. गिरजाक्का मात्र थोराड बांध्याची, ओठात तंबाखू, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की यार्डात इंजिन शिट्टी देत असलं तरी तिची हाक वेगळी ऐकू यायची. तिला मूल नव्हतं. आई गेल्यावर धाकटी बहीण द्वारका आक्कानंच वाढवली, न्हाऊमाखू घालून मोठी केली आणि पाथरीकडं एका शेतीवाडीच्या घरात देऊन टाकली. द्वारकीचं नाव निघालं की आक्काचा आवाज उतरायचा. एरवी नाही.

खुनाच्या गोष्टींचा तिला नाद होता. घरी पाणी भरलेलं असलं तरी गाडीच्या वेळेला ही कळशी घेऊन टेशनच्या नळावर हजर. नांदेडकडची गाडी, हिंगोलीची गाडी, परभणीकडची गाडी, सगळीकडचे लोक पूर्णेला उतरून गाडी बदलायचे, आणि खोळंबलेल्या माणसाला बोलायला काहीतरी लागतंच. गिरजाक्का शेजारी कळशी टेकवून उभी राहायची. कुठं बांधावरून भावानं भावाला मारलं, कुठं सासूनं सुनेच्या ताकात काय कालवलं, सगळं कळशीबरोबर आमच्या चाळीत यायचं.

दुपारी भांडी घासून झाली की आम्ही चारपाच जणी तिच्या ओट्यावर. ती मांडीवर गोधडी घेऊन टाके घालत बसायची. गोष्टीची सुरुवात नेहमी चुलीपासून. त्या दिवशी त्या घरात वांग्याचं कालवण होतं, पण कोथिंबीर नव्हती, कारण बाजार दुसऱ्या दिवशी होता. असं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटायचं, ही त्या घरात पाटावर बसून आली. कालवण, भाकरी, कुणी किती खाल्लं, कोण उपाशी उठलं, असं करत करत ती कुऱ्हाडीपर्यंत यायची, आणि कुऱ्हाड वर गेली की दातानं दोरा तोडायची. टच्. आम्ही अंग चोरून घ्यायचो आणि पुढच्या क्षणी सरसावून विचारायचो, मग? आतून रामजीभाऊ कळवळून म्हणायचे, मला दोन घास तरी नीट खाऊ द्या. त्यावर हिचं उत्तर ठरलेलं, "मेलेलं मेलं, तुमी जेवा." आणि गोष्ट संपली की आम्हाला बजावायची, "ऐकून ठेवा गं पोरींनो. कामाला येतंय."

काय कामाला येत होतं, सांगू? आम्ही सगळ्या मिळून मेलेल्या बाईची चूक हुडकत होतो. ती फार हसायची. तिन्हीसांजेला एकटी बाहेर पडली. तेल्याशी दोन शब्द जास्त बोलली. तांदूळ निवडताना खडा सापडला की कसं बरं वाटतं, तसं ती चूक सापडली की आम्हाला बरं वाटायचं. आपण नाही बाई असं करत, मग आपल्याला कोण कशाला मारतंय! प्रत्येकीच्या घरात काही ना काही धुमसत होतं. एकीची पाठ काळीनिळी असायची, तिला विचारायची कुणाची छाती नव्हती. पण हिंगोलीकडच्या न पाहिलेल्या बाईच्या पाठीवरचे वळ मात्र आम्ही मोजून ऐकायचो. आज आठवलं की चीड येते. भीती स्वतःच्या घरातली, आणि ती मोकळी करायला मढं लागतं दुसऱ्याच्या घरातलं.

त्या चैत्रात बाहेरच्या सिग्नलच्या पलीकडं मोटेच्या विहिरीत एका बाईचं प्रेत सापडलं. बातमी चाळीत आली तशी सगळं गाव तिकडं लोटलं. फुटाणेवाल्यानं बांधावर टोपली मांडली म्हणे, आणि त्या दिवशी त्याला उसंत मिळाली नाही. मी ओली बाळंतीण, मला कोण जाऊ देतंय. नाहीतर मीही गेलेच असते. गिरजाक्का मात्र कोपरानं गडी माणसं बाजूला सारून पुढं पोचली. प्रेतावर घोंगडी टाकलेली होती. पाण्यात राहून तोंड ओळखण्यासारखं उरलं नव्हतं म्हणे. घोंगडीबाहेर पाय तेवढे दिसत होते. ते पांढरे पडलेले, फुगलेले तळपाय तिनं आम्हाला पुढं चार महिने वर्णन करून सांगितले.

मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याजवळ बाईचं बोचकं सापडलं होतं. त्यात एक जुनेर आणि फडक्यात बांधलेले धपाटे, वर कारळाची चटणी. यावेळी चुलीपासून सुरुवात करायला गिरजाक्काला मनानं काही घालावं लागलं नाही. प्रेताला कुणी वारस आला नाही. अमीनसाबांनी, म्हणजे आमच्याकडच्या फौजदारांनी, पंचनामा केला आणि लावारिस म्हणून अग्नी देऊन टाकला.

आता एकटी बाई, चांगली अंगानं, धपाटे घेऊन रानातल्या विहिरीपाशी कशाला जाईल? नवऱ्याला कुणी विहिरीवर नेऊन चारतं का? ओट्यावर हा प्रश्न निघाला आणि गिरजाक्कानं टाका घालता घालता त्याचं उत्तर दिलं. याराला. दुसऱ्या दिवशी त्या याराला कुरळे केस आले. तिसऱ्या दिवशी गळ्यात लाल रुमाल. पोट सुटलेल्या, घरातल्या माणसाशी कुणी धपाटे घेऊन पळून जात नाही, गोष्टीला कुरळे केस लागतात. ओट्यावरची गोष्ट नळावर गेली, नळावरून टेशनात. टेशनाबाहेर चहा विकणारा किसन सांगायला लागला की ती दोघं माझ्या समोरूनच गेली. बैलगाडीवाला म्हणाला, मलाच तर वाट विचारली. आठवडी बाजारात डफावर गाणारा एक जण यायचा, त्यानं त्याचं गाणं केलं. गाण्यात बाईला नाव दिलं रंभा. लोक ते दोनदोनदा म्हणायला लावायचे आणि शेवटी त्या रंभेला शिव्या देत भाजी घेऊन घरी जायचे.

पंचमी आली. गिरजाक्कानं रामजीभाऊंना द्वारकीला माहेरपणाला आणायला पाथरीकडं धाडलं. ते एकटेच परत आले आणि ओट्यावर टेकले. सासरचे म्हणत होते, ती चैत्रातच तुमच्याकडं गेली, आम्ही समजलो तुम्हीच ठेवून घेतली. घरात नवी बायको आलेली होती. द्वारकीला सहा वर्षं मूल नव्हतं, मार खात होती, हे तर आक्काला ठाऊक होतंच. शेजारच्या म्हातारीनं रामजीभाऊंना गोठ्याआड गाठून सांगितलं होतं, पोरगी पहाटे धपाटे बांधून निघाली, बहिणीकडं जाते म्हणाली. नवरा तिच्या मागं गेला. दोन दिवसांनी एकटाच आला, तापानं फणफणत.

हे ऐकलं त्या वेळी गिरजाक्काच्या हातात सुई होती. तिनं ती गोधडीत खोचली, उठली आणि तशीच अमीनसाबांच्या कचेरीत गेली. मालखान्यातून तिच्यापुढं एक चोळी टाकली गेली. दंडाला जोड लावलेली. जोड तिच्याच हातचा होता, गेल्या दिवाळीचा.

मी तिच्याकडं गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. माझ्याकडं बघून म्हणाली, "पाय पाहिले गं मी. ह्या हातानं धुतलेले पाय. आन् ओळखले न्हाईत." मग म्हणाली, "तो यार मी घातला."

पुढं जे झालं त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. अमीनसाब माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला सांगितलं, "गवाह लाओ माई, मैं उसको कल पकडतूं." गवाह? सगळ्या पूर्णेनं त्या बाईला पाहिलं होतं! चार महिने जो तो छाती ठोकून सांगत होता. गिरजाक्का दारोदार फिरली. बैलगाडीवाला म्हणाला, मी त्या दिवशी गावातच नव्हतो. नळावरच्या बायकांनी कळशा उचलल्या. ज्यांनी ज्यांनी ती गोष्ट चवीनं सांगितली होती, त्या सगळ्यांचे डोळे एका दिवसात गेले. मेल्यांनो, सांगताना दिसत होती ना ती? मग साक्ष द्यायला काय झालं? पण नाही. गोष्टीत कुणालाही मुन्सफासमोर उभं राहावं लागत नाही, म्हणून तर गोष्ट गोड लागते.

एकटा किसन चहावाला तयार झाला. द्वारकीच्या नवऱ्याला धरून परभणीला नेलं होतं, तिथं मुन्सफासमोर किसननं साक्ष दिली. गिरजाक्का बाहेरच्या ओसरीत बसून ऐकत होती. किसन खोटं बोलला नाही. तसं असतं तर मी त्याला माफ तरी केलं असतं. त्यानं जे डोळ्यांपुढं दिसत होतं तेच सांगितलं. बाई होती, बोचकं होतं, बरोबर गडी होता. कसा होता गडी? तरणा, कुरळ्या केसांचा, गळ्यात लाल रुमाल. आणि समोर उभा द्वारकीचा नवरा, चाळिशी उलटलेला, डोक्यावर औषधाला केस नाही. मुन्सफानं पुन्हा विचारलं, किसननं पुन्हा तेच सांगितलं. त्यानं त्या दिवशी खरंच कुणाला पाहिलं होतं, की गाणं ऐकून ऐकून त्याच्या डोळ्यांत तेवढंच उरलं होतं, कोण जाणे. नवरा सुटला. परभणीच्या टेशनात तो गिरजाक्काच्या समोरच आपल्या गाडीची वाट बघत उभा होता, पान खात.

त्यानंतर ओट्यावरची बैठक मोडली. गोधडी ती शिवत राहिली, माझ्या पोरालाही एक दिली, पण शिवताना तोंडातून शब्द नाही. तिच्या घरात धपाटे व्हायचे बंद झाले. रामजीभाऊ म्हणायचे, बोल गं काहीतरी, खुनाचंच सांग वाटलं तर. बिचाऱ्यांना घास उतरत नव्हता त्या शांततेत.

बोलायची ती बाजारात. दर बाजाराला जाऊन ती डफवाल्यापुढं पहिल्या रांगेत बसायची. तो रंभेपाशी आला की उठून उभी राहायची आणि ठासून सांगायची की तिचं नाव द्वारका, ती यारासाठी नाही, बहिणीकडं निघाली होती. लोक वैतागायचे. खाली बस म्हणायचे. कुणीतरी म्हणायचं, येडी हाय, सोडा. म्हणजे पाहा, खोटं गाणारा शहाणा आणि खरं सांगणारी वेडी. एकदा मी तिच्याबरोबर होते. डफवाल्यानं डफ खाली ठेवला आणि समजुतीनं, अगदी घरच्यासारखं म्हणाला, "आक्का, भैनीकडं जाणारीचं गाणं कोण ऐकंल? यार हाय म्हणून लोक थांबायलेत."

तो दुष्ट नव्हता, धंद्याचं सांगत होता. तेच तर माझ्या जिव्हारी लागलं. नवरा बायकोला मारतो यात लोकांना नवल वाटत नव्हतं, त्याचं गाणं होत नव्हतं. बाई चुकली आणि मेली, हे ऐकलं की सगळ्यांना घरी जाऊन झोप लागत होती.

तेव्हापासून तिचा तो प्रश्न सुरू झाला. नळावर, दुकानात, लग्नाच्या पंगतीत, कुणीही कुठल्याही खुनाचं काढलं की ही मान वर करून विचारायची, मेलेलीचं नाव काय? सांगणारा अडखळायचा. नाव ठाऊक नसेल तर ती म्हणायची, मग माहीत करून घे आणि मग ये. किती जणांच्या रंगलेल्या गोष्टी तिनं अशा मोडल्या. लोक तिला बघून विषय बदलायला लागले. एकेकाळी जिच्याभोवती चाळ गोळा व्हायची ती नळावर एकटी उभी असायची, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. वाटत असेलही. दाखवलं नाही कधी.

मग राज्य जायची वेळ आली. गावोगावच्या जाळपोळीच्या बातम्या गाडीबरोबर यायला लागल्या. यांनी मला आणि पोराला मनमाडला माझ्या भावाकडं धाडायचं ठरवलं. टेशनात पाय ठेवायला जागा नव्हती. बायकांच्या डब्यात कशीबशी शिरले, तर गिरजाक्का खिडकीशी आली. हातात फडक्याचं गाठोडं. धपाटे होते, वर कारळाची चटणी. त्या पंचमीनंतर तिनं पहिल्यांदा तवा ठेवला होता. म्हणाली, वाटेत खा, पोराला भूक लागंल.

डब्यात सगळ्या घरंदारं सोडून निघालेल्या. मागं काय राहिलं, गडी माणसं जिवंत भेटतील का, कुणाला ठाऊक नव्हतं. त्यातली एकही त्याबद्दल बोलत नव्हती. मूळ मानवतची एक बाई बोलत होती, बाकीच्या तिच्याभोवती दाटीनं बसल्या होत्या, आणि ती सांगत होती पूर्णेच्या विहिरीतल्या रंभेची गोष्ट! टेशन आलं म्हणून आठवली असेल. एवढ्या वर्षांत धपाट्यांचं सोनं झालं होतं. बोचक्यात सोन्याचे दागिने होते म्हणे, नवऱ्याच्या घरातून चोरलेले, आणि त्या कुरळ्यानं सोन्यासाठी तिला ढकललं. बाहेर खरं मरण फिरत होतं, त्याच्याकडं बघायचा धीर नाही, म्हणून जुनं, संपलेलं मरण मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एक क्षण मला त्यांची कीव आली. पण खिडकीबाहेर गिरजाक्का उभी होती, आणि तिला सगळं ऐकू जात होतं.

ती दारातून आत चढली. गर्दीतून वाट काढत त्या बायकांपुढं येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही बाजारातल्यासारखी कडाडणार. तिनं हळू विचारलं, नाव काय म्हणलीस तिचं? रंभा, मानवतची बाई म्हणाली. गिरजाक्कानं मान हलवली. माझ्या मांडीवरचं गाठोडं उचललं, गाठ सोडली.

"सोनं न्हवतं," ती म्हणाली. "हे होतं. द्वारका तिचं नाव. भैनीसाठी केलतं तिनं. भैन म्या हाय."

एकेक धपाटा मोडून तिनं प्रत्येकीच्या हातावर ठेवला, चटणीसकट. कुणाचा हात मागं गेला नाही. उरलेले पुन्हा बांधून माझ्या मांडीवर ठेवले, पोराच्या गालाला हात लावला आणि गार्डची शिट्टी झाली तशी उतरली. मी खिडकीतून पाहिलं. ती गाडीकडं बघत नव्हती. नळाखाली हात धूत होती, पदराला पुसत होती. नंतर आडवी मालगाडी आली. पुन्हा मी तिला कधी पाहिलं नाही.

गाडीनं वेग घेतला. बायका हातावरचे तुकडे धरून तशाच बसलेल्या. थोड्या वेळानं मानवतच्या बाईनं मला कोपरानं डिवचलं आणि विचारलं, मग पुढं काय झालं? नवरा फासावर गेला का न्हाई? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, आधी खा ते.

खाल्लं त्यांनी. परभणीला आणखी बायका चढल्या, पोरं, ट्रंका, रडारड. मानवतची बाई सरकली, एकीला आपल्याजवळ जागा करून दिली, आणि गाडी हलली तसं तिला सांगायला लागली.

"द्वारका नावाची एक बाई होती," ती म्हणाली. "भैनीकडं निघालती."